विषाणूच्या पोटातले चुंबक

माणसाच्या शरीरातले बहुतेक सगळे अवयव मी माझ्या हाताने घडवले आहेत. हे वाक्य अहंकाराचे वाटू नये म्हणून लगेच सांगतो, की ते सगळे कागदाच्या लगद्याचे होते. भोरच्या एसटी स्थानकामागे माझी पत्र्याची शेड होती. तिथे मी शाळांच्या प्रयोगशाळांसाठी प्रतिकृती बनवत असे: उभा छेद दिलेले मूत्रपिंड, उघडता येणारा डोळा, जास्वंदीचे फूल. शाळांतून रद्दीत निघालेल्या उत्तरपत्रिका मी घेत असे, त्या भिजवून, कांडून त्यात डिंक आणि खडूची भुकटी मिसळत असे. मुलांनी चुकीची लिहिलेली हृदये अशा रीतीने माझ्याकडे येत आणि बरोबर होऊन परत जात, असा एक विनोद मी त्या काळी स्वतःशीच करत असे. सगळी मंडळी मला मास्तर म्हणत, जरी मी शाळेत शिकवले कधीच नाही.

या धंद्याचे मर्म रंगात नसते, सांध्यात असते. उघडता येणारी प्रतिकृती मुले दिवसभर उघडतात आणि मिटतात. वर्षअखेरीस तिचा निम्मा भाग हरवलेला असतो. भाटघरकडच्या एका शाळेने मला कानाची प्रतिकृती परत पाठवली, सोबत शिपायाच्या तोंडी निरोप होता, ‘बाहेरचा कान आहे, ऐकू येणारा भाग तेवढा द्यावा.’ तेव्हापासून मी सांधे घट्ट करू लागलो. माझा सांधा सुटत नाही, असे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असे. सांगताना आवाज हळू ठेवत असे, पण सांगत असे.

गिऱ्हाइकांपुढे मी फार लवकर नमते घेत असे, हा माझा दुसरा स्वभाव. एका मुख्याध्यापकांना हृदयातल्या निळ्या शिरा पसंत पडल्या नाहीत. “आजारी दिसतंय. तपासणीला साहेब येणार आहेत, सगळं लाल करून द्या,” असे ते म्हणाले. मी लाल करून दिले. त्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांच्या मनात अशुद्ध रक्ताला जागाच उरली नसेल, याची आठवण मला अजूनही अधूनमधून अस्वस्थ करते.

दोन हजार साल उलटून काही वर्षे झाली होती. एका दुपारी पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या संशोधक डॉक्टरबाई शेडमध्ये आल्या. भोर आणि वेल्हे तालुक्यांत एचआयव्हीविषयी जागृतीचे फिरते प्रदर्शन न्यायचे होते आणि त्यांना विषाणूच्या अंगावरच्या एका प्रथिनाची प्रतिकृती हवी होती. त्या प्रथिनाला आपल्या रक्तातले एक प्रतिपिंड चिकटले आहे, अशी. त्यांनी माझ्यापुढे चित्र ठेवले. चित्रात रंगीत फितींचा गुंता होता. कोणीतरी कुरडयांच्या ताटावर बसले असावे, असे मला वाटले.

“याची वरची बाजू कुठली?” मी विचारले.

“रेणूला वर-खाली नसतं,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“पण टेबलाला असतं, बाई.”

त्यांनी चित्र दोनदा फिरवून पाहिले आणि मग पेन्सिलीने एका टोकाला बाण काढून दिला. तो बाण त्यांना फार जड गेला असावा.

त्यांनी सगळे शांतपणे समजावून सांगितले. शेजारी रशीदभाई बसले होते. लग्नांना आणि सभांना लाउडस्पीकर लावून देण्याचा आणि दुरुस्त करण्याचा त्यांचा धंदा होता, आणि दुपारचा चहा ते माझ्याकडे घेत. बाई म्हणाल्या, की हे प्रथिन म्हणजे विषाणूचा हात. आपल्या रक्तातल्या काही पेशींवर एक मूठ असते, ती तो हात धरतो आणि आत शिरतो. प्रतिपिंड म्हणजे शरीराने त्याला पकडायला पाठवलेला शिपाई. पण हा हात शिपायाला सहजी सापडत नाही. त्याच्यावर साखरेच्या रेणूंचा दाट झुबका असतो, त्याचे काही वळसे सतत हलत असतात आणि तो रूपही बदलत राहतो. शास्त्रज्ञांना त्याची नेमकी रचना पाहायची होती, पण तो एका जागी स्थिर राहीना. शेवटी त्यांनी हलणारे वळसे छाटले, साखर काढून टाकली, एका बाजूने पेशीची मूठ लावली, दुसऱ्या बाजूने प्रतिपिंड लावले, तेव्हा कुठे तो गप बसला आणि ज्यावरून रचना कळते तो त्याचा स्फटिक मिळाला.

रशीदभाईंनी बशी खाली ठेवली. “म्हंजी जावळ काढलं, एका बाजूनं आईनं धरलं, दुसऱ्या बाजूनं मामानं धरलं, तवा फोटो निघाला म्हणा की.”

डॉक्टरबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “हो,” त्या म्हणाल्या. “अगदी तसंच.”

त्यांची एकच अट होती. प्रतिपिंड चिकटलेले दिसले पाहिजे, पण मागची खुंटी फिरवली की ते गळून पडले पाहिजे. विषाणू रूप बदलतो, शिपाई हात चोळत राहतो, हेच तर लोकांना दाखवायचे होते. तपासणीत प्रतिपिंडे सापडली म्हणजे माणूस वाचला असे नव्हे, विषाणू शरीरात आला आहे एवढाच त्याचा अर्थ, हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगितले.

मी मान डोलावली आणि कामाला लागलो. रशीदभाईंनी जुन्या लाउडस्पीकरमधले चुंबक काढून दिले. प्रथिनाच्या पोटात ते एका दांड्यावर बसवले. खुंटी फिरवली की चुंबक पुढून मागे जाई आणि प्रतिपिंडात बसवलेली लोखंडी चकती मोकळी होई. निदान तशी योजना होती. प्रतिकृती मोठ्या कलिंगडाएवढी झाली, निळसर रंगाची, आणि प्रतिपिंड बेचकीसारखे, पिवळे. डॉक्टरबाई म्हणाल्या, इतकी बरोबर प्रतिकृती त्यांनी पाहिली नव्हती. त्या रात्री मी समाधानाने झोपलो, एवढेच लिहितो.

वेल्ह्यातल्या ज्या गावात पहिला प्रयोग झाला त्याचे नाव लिहीत नाही. पानशेतच्या रस्त्यालगत ते आहे. गावातल्या कमल नावाच्या बाईचा नवरा टेम्पो चालवत असे. तो एड्सने वारला आणि नंतर कमलच्या रक्तातही प्रतिपिंडे सापडली. ती बबनरावांच्या खानावळीत भाकऱ्या करी. बबनराव तिच्या नवऱ्याचे चुलतभाऊ. रविवारी धरण पाहायला येणारी पुण्याची माणसे तिची भाकरी खायला गाड्या थांबवत. अहवालाची बातमी फुटली तशी गावाने तिच्या हातचे खाणे बंद केले आणि सरपंचांच्या सांगण्यावरून बबनरावांनी तिला घरी बसवले. चुलीपुढे बबनरावांची बायको बसली. तिच्या भाकरीविषयी बबनराव स्वतःच म्हणत, “दाराला आडसर लावायला बरी हाय.” कमलला दुसरे काम नव्हते, दोन मुली होत्या.

प्रयोग देवळाच्या सभामंडपात झाला. गाव जमले होते. कमल खांबाआड उभी होती. डॉक्टरबाईंनी समजावले, की हा रोग जेवणातून, भाकरीतून, हात लावल्याने होत नाही. लोकांनी ते देवळातल्या सूचनांसारखे ऐकून घेतले. त्यांचे डोळे प्रतिकृतीवर होते. मी प्रतिपिंड प्रथिनाजवळ नेले, ते टक्कन बसले. “आता पाहा, विषाणू रूप बदलेल आणि हे गळून पडेल,” असे बाई म्हणाल्या आणि त्यांनी खुंटी फिरवली.

ते पडले नाही.

त्यांनी पुन्हा फिरवली. मी फिरवली. चुंबकाचा जोर मी धरला होता त्याहून फार होता. ते मागे सरकेचना, आणि माझा सांधा सुटत नाही हे मी इतकी वर्षे सांगत आलो होतो. मी प्रतिपिंड ओढून पाहिले. मग सरपंच दगडूअण्णा पुढे आले, “सरा मास्तर,” म्हणाले आणि त्यांनी धोतराचा काचा मारला. त्यांनी प्रतिपिंड धरले, बबनरावांनी प्रथिन धरले. दोघे दोन दिशांना ओढू लागले. कोणीतरी बबनरावांची कंबर धरली. लोकांनी तोंडाने ताल धरला. डॉक्टरबाई “थांबा, थांबा,” म्हणत मध्ये उभ्या होत्या. शेवटी दगडूअण्णा धापा टाकत खाली बसले.

“लई पक्का धरलाय,” ते म्हणाले. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटले. “डॉक्टरबाई, ह्यो पिवळा कोन म्हनलात?”

“प्रतिपिंड.”

“आन आमच्या कमलच्या रक्तात काय घावलं हुतं?”

डॉक्टरबाईंना पुढचे दिसले असावे. त्या सावकाश म्हणाल्या, “प्रतिपिंड. पण त्याचा अर्थ...”

“झालं की मग,” दगडूअण्णा लोकांकडे वळले. “तिच्याकडं शिपाई हाय. तुमच्या-आमच्याकडं कोन हाय? अख्ख्या गावात तीच एक बंदोबस्तात हाय.”

बबनरावांना एवढेच हवे होते. दुसऱ्या दिवशी कमल चुलीपुढे होती. आदल्या दिवशी बाई निघताना त्यांनी हेही विचारले होते, की असा एक शिपाई आपल्यालाही बसवून मिळेल काय.

परतताना टेम्पोत, खेड शिवापूरच्या अलीकडे, डॉक्टरबाई म्हणाल्या, “मास्तर, उद्या तिथला एखादा माणूस म्हणेल, माझ्या रक्तात शिपाई आहे, मला औषध नको. तो त्याच्या बायकोलाही हेच सांगेल. मग?”

गाव बरोबर वागत होते आणि चूक समजून वागत होते, आणि ती चूक माझ्या हातची होती. सांधा सुधारून पुन्हा प्रयोग करायचा असे ठरले. खरे कळले की कमल पुन्हा घरी बसणार, हेही त्यात ठरूनच गेले होते. ते आम्ही दोघांनीही बोलून दाखवले नाही.

रशीदभाईंनी चुंबकापुढे चामड्याचा तुकडा लावला आणि दांडा लांब केला. “आता पडंल,” ते म्हणाले. “पन मास्तर, पडलं की त्या पोरीचं काय?”

मी दुसऱ्या प्रयोगाच्या आधी एकटा पानशेतच्या एसटीने त्या गावी गेलो. खानावळीत गर्दी नव्हती. कमलला मी सगळे सांगायला सुरुवात केली, शिपाई, रूप बदलणे, औषधांची गरज. तिने भाकरी थापता थापता ऐकून घेतले.

“मला समदं ठावं हाय, मास्तर. पुन्याच्या सरकारी दवाखान्यातनं गोळ्या आनते म्या. दर महिन्याला जाते. तिथल्या ताईंनी सांगितलंया, शिपाई असून उपेग न्हाई म्हनून.”

“मग तुम्ही गावाला...”

“गावाला काय सांगू? गाव माजं ऐकतं व्हय? तुमच्या कलिंगडाचं ऐकलं.” तिने भाकरी तव्यावर टाकली. “तुमचं ते सुटू देऊ नका. तुमाला हात जोडते.”

मी म्हणालो, की ते माझ्या हातात नाही. ते माझ्याच हातात होते. तिने माझ्यापुढे ताट ठेवले. भाकरी फुगून आली होती. मी भाकरीला हात लावण्याआधी क्षणभर थांबलो. या रोगाचा हात मी स्वतः लगद्यातून घडवला होता, तो कशाला धरतो आणि कशाला नाही हे मला त्या तालुक्यात इतरांपेक्षा चांगले माहीत होते, आणि तरी माझा हात थांबला. तिने ते पाहिले. ती चुलीकडे वळून जाळ सारखा करू लागली. मी जेवलो, चव कळली नाही. त्या क्षणाविषयी मी स्वतःला पुष्कळ प्रश्न विचारले आहेत. मनाला जे ठाऊक असते ते हातापर्यंत पोचायला वेळ लागतो, यापलीकडे मला उत्तर मिळालेले नाही.

दुसरा प्रयोग बबनरावांनी हौसेने आपल्या खानावळीच्या अंगणात मागून घेतला. जेवणही ठेवले. बाजूच्या चुलीवर कमल भाकऱ्या करत होती. दगडूअण्णा पुढच्या खुर्चीवर होते. डॉक्टरबाईंनी खुंटी फिरवली आणि पिवळे प्रतिपिंड टेबलावरून घरंगळत खाली पडले.

दगडूअण्णांनी वाकून ते उचलले.

“सुटला?” दगडूअण्णांनी विचारले.

“सुटला,” बाई म्हणाल्या. “हे असंच असतं. मागच्या वेळी यंत्र अडकलं होतं. शिपाई पुरा पडत नाही, म्हणून औषध लागतं.”

“म्हंजी मोकळा हाय त्यो.” लोकांच्या माना हळूहळू चुलीकडे वळल्या. कमलचा हात काठवटीत थांबला. बबनरावांनी आपल्या बायकोकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

“पण तो भाकरीत येत नाही,” बाई म्हणाल्या. “मी पहिल्या दिवसापासून सांगते आहे. त्याचा हात फक्त रक्तातल्या पेशींची मूठ धरतो. दुसऱ्या कशाला तो बसत नाही.”

“कशालाच न्हाई?” दगडूअण्णा उठले. ते न्यायी माणूस होते, ऐकीव गोष्टीवर निकाल देत नसत. “भाकरी आना.”

भाकरी आली. त्यांनी ती प्रथिनाला चोहोबाजूंनी लावून पाहिली. चिकटली नाही. लोकांत जरा हालचाल झाली. कांदा लावला, चिकटला नाही. मिरचीचा खर्डा लावू का, असे एकाने विचारले, ते मी रंगाच्या काळजीने थांबवले. कमल चुलीपुढून उठून जवळ आली होती. डॉक्टरबाई कपाळाला हात लावून उभ्या होत्या, पण या पद्धतीने का होईना गोष्ट पटत होती, म्हणून अडवत नव्हत्या. बबनरावांना तर इतके भरून आले, की त्यांनी चुलीशेजारी टेकवलेला दुसरा तवा, लोखंडी, उचलून आणला. “ह्यो बी लावा. ह्याच्यावरच भाजत्यात. म्हंजी शंकाच नगं.”

मी नको म्हणेपर्यंत त्यांनी तो मागच्या बाजूने नेला. खुंटी फिरवल्याने चुंबक आता तिथेच होते. ठण्ण असा आवाज झाला आणि तवा विषाणूला चिकटला.

बबनरावांनी हात सोडले. तवा तसाच राहिला. मागच्या रांगेतली माणसे उठून उभी राहिली.

“तव्याला धरतोय,” कोणीतरी हळूच म्हणाले.

“ते चुंबक आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आतमध्ये चुंबक आहे, लोखंडाला ते...”

“बाई,” दगडूअण्णा अतिशय दुःखाने म्हणाले, “मगाशी तुमीच म्हनलात, इषाणू हाय म्हनून. आता तव्याला धरला तर चुंबक झालं. चुंबक कुठं दिसतंय?”

दिसत नव्हतेच. सांधा दिसू नये यासाठी मी त्यावर लगद्याचे थर दिले होते, घासून गुळगुळीत केले होते, रंगाचे हात दिले होते. तो माझ्या कामाचा अभिमान होता. मी कमलकडे पाहिले. पाट्याशेजारचा वरवंटा तिने उचलला आणि माझ्या हातात दिला.

मी डॉक्टरबाईंकडे पाहून परवानगी मागायला हवी होती. मागितली नाही. पहिल्या घावाला पोचा आला, दुसऱ्याला तडा गेला. सांधा चांगला होता, पुष्कळ घाव घालावे लागले. शेवटी ते दुभंगले, तवा सुटून पडला आणि आतून लाउडस्पीकरचे काळे चुंबक, दांडा आणि रशीदभाईंचे चामडे बाहेर आले. मी चुंबक उचलून तव्याला लावले, मग खुर्चीच्या पायाला, मग दगडूअण्णांच्या अडकित्त्याला. सगळ्यांना ते चिकटले. मग मी विषाणूचे तुकडे तव्याला लावले. एकही चिकटला नाही.

दगडूअण्णांनी एक तुकडा उचलून डोळ्यांजवळ धरला. आतून अस्तर म्हणून चिकटवलेल्या उत्तरपत्रिकेचा एक पदर सुटला होता. “ह्यात तर बेडकाचं चित्र हाय,” ते म्हणाले. “आन शाळंतल्या मास्तरांनी काट मारलीया.”

कोणीतरी हसले. मग बरेच जण हसले. कमलने तवा उचलून दुसऱ्या चुलीवर ठेवला, त्यावर पाणी शिंपडले आणि नवी भाकरी टाकली. हसणे हळूहळू थांबले. भाकरी फुगली. तिने ती उचलली, पण ताटात ठेवली नाही. तशीच उलथन्यावर धरून उभी राहिली आणि कोणाकडेच पाहिले नाही.

मी पुढे होऊन ती घेतली. या वेळी हात थांबला नाही. तुकडा मोडून तोंडात घातला.

“सावकाश, मास्तर,” कमल म्हणाली. “भाजंल.”

भाजलेच. दगडूअण्णांनी माझ्या तोंडाकडे थोडा वेळ पाहिले, मग शेजारी येऊन हात पुढे केला. “निम्मी हिकडं द्या,” ते म्हणाले. त्यांच्यानंतर बबनराव आले आणि मग काठवटीतले पीठ संपेपर्यंत कमलला मान वर करायला मिळाली नाही.

परतताना डॉक्टरबाईंनी फक्त एवढेच विचारले, की दुसरी प्रतिकृती कधी होईल. मी करून दिली, ती झाकण काढून आतले चुंबक दिसेल अशी. ती पहिलीइतकी देखणी नव्हती. पुढे संगणकाच्या पडद्यावर असले रेणू फिरताना दिसू लागले, शाळांनी माझ्याकडून अवयव घेणे बंद केले आणि मी शेड सोडली. पहिल्या प्रतिकृतीचा एकही फोटो नाही.

तिचे चुंबक मात्र आहे. कमलने ते त्या दिवशीच मागून घेतले. खानावळीत चुलीमागच्या भिंतीवर खिळ्यात बसवले आहे आणि त्याला तिचे लोखंडी उलथने लटकते. खानावळ आता ती आणि तिची थोरली मुलगी चालवतात, गोळ्या चालू आहेत. मागच्या खेपेला गेलो तेव्हा पुण्याची एक पाहुणी तिला विचारत होती, हे काळे कसले लावले आहे.

“इषाणूच्या पोटातनं निघालं,” कमल भाकरी परतत म्हणाली. “तिथं काय कामाचं न्हवतं. हितं उलथनं धरतं.”